सात नंबरचा पेपर

२८ ऑगस्ट

रक्तदाब १५०/९५. डॉक्टरीणबाईंनी रोज लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही. पण एक आकडा लिहिला की बाकी पान रिकामं राहतं, आणि रिकामं पान मला बघवत नाही.

आज शाळेची पहिली बैठक. गणिताला नवी बाई आली आहे, मीरिम. राजधानीतून आलेली, सव्वीस वर्षांची, केस मानेपर्यंत कापलेले, लग्न नाही. शाळेत मास्तर तो आगाय आणि बाई ती एजे, म्हणजे आता हीसुद्धा एजे. मुख्याध्यापक तोलोमुश आगाय सगळ्यांसमोर म्हणाले, "झुरा एजेंना आता मदतनीस मिळाली." एकोणतीस वर्षं मी या शाळेत गणित शिकवतेय, अकरा वर्षं उपमुख्याध्यापिका आहे. मदत मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

ती शेगडीजवळच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची माझी आहे हे कुणी तिला सांगितलं नाही. मीही नाही.

१५ सप्टेंबर

१५५/९५. आधी मी तिच्या तासाला जाऊन बसले, तो माझ्या कामाचाच भाग आहे. वर्गात गोंगाट. मुलं-मुली जागा सोडून एकमेकांच्या वहीत डोकावत होती. मी शेरा लिहिला, "शिस्त कमी." तिनं वाचला, हसली आणि म्हणाली, "एजे, आता मी तुमच्या तासाला येऊ?"

नववी अ म्हणजे माझा सगळ्यात चांगला वर्ग. ये म्हटलं. ती मागच्या बाकावर कागद-पेन्सिल घेऊन बसली आणि पंचेचाळीस मिनिटं नुसत्या रेघा मारत राहिली. तास संपल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला.

"तुम्ही मुलांना बावीस वेळा विचारलंत. मुलींना सात वेळा. त्या सातांत चार वेळा गणित मोठ्यानं वाचायला, एकदा फळा पुसायला आणि एकदा खिडकी लावायला."

"आणि सातव्या वेळी?"

"सातव्या वेळी साल्किननं बरोबर उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात, 'बस खाली, पाठ केलेलं दिसतंय.'"

मी शांतपणे सांगितलं की मुलांचं लक्ष नसतं म्हणून त्यांना विचारावं लागतं, मुली नाहीतरी ऐकतच असतात.

"म्हणजे ऐकायची शिक्षा मुलींना," ती म्हणाली.

माझ्या वर्गात बसून माझेच प्रश्न मोजणारी माणसं मला आवडत नाहीत. पूर्वी निरीक्षक यायचे, पण ते निदान दाढीवाले म्हातारे असायचे आणि जेवून जायचे.

४ ऑक्टोबर

आमच्याकडच्या शिक्षकदिनाचं जेवण. कुणीतरी मुद्दाम मीरिमला विचारलं, "तू लग्न कधी करणार?" ती म्हणाली, "माझ्या तासाची तपासणी संपली की." सगळे हसले. मी हसले नाही. तोलोमुश आगाय हसले ते मी बघून ठेवलं.

६ नोव्हेंबर

१४५/९०. पहिल्या तिमाहीचे शेरे संपले. एकशे बारा मुलांचे शेरे मी स्वतः, हातानं, शाईनं लिहिते. नववी अ मधले दोन इथं उतरवते, कारण यांच्यावरूनच आज भांडण झालं.

बेकतुर: "असामान्य बुद्धी. आळस सोडावा."

साल्किन: "अत्यंत कष्टाळू. वही स्वच्छ. वर्तन आदर्श."

दोघांनाही पाच गुण, म्हणजे पैकीच्या पैकी. यात कुणावर अन्याय झाला? पण मीरिमनं कार्यालयातून गेल्या तीन वर्षांची शेऱ्यांची पुस्तकं काढून वाचली म्हणे. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाली, "एजे, तुम्ही एकोणीस मुलग्यांना बुद्धिमान म्हटलंय. त्यातले सात जण नापासाच्या काठावर आहेत. मुलगी एकही नाही. तीन वर्षांत एकही नाही."

"मुलींचे गुण जास्त आहेत ना?" मी विचारलं. "मग अजून काय पाहिजे? मुकुट?"

"गुण त्यांना कष्टाचे मिळतात. डोक्याचं श्रेय मुलं घेऊन जातात, काही न करता."

तिला उलट बोलायची भारी हौस. मी म्हणाले, "माझ्या शेऱ्यात जे दिसतं ते असतं. साल्किन कष्टाळू आहे. सकाळी चारला उठून आईबरोबर बाजारासाठी पाव भाजते, मग शाळेत येते. ही स्तुती आहे."

"मग तिचं डोकं कधी बघणार?"

मी कप उचलला. चहा निवला होता.

घरी नवऱ्याला, कापारला, सांगितलं. तो आयुष्यभर जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त, त्याला माणसांच्या भांडणात फार रस. म्हणाला, "तुझ्या दाखल्यावर तुझ्या मास्तरांनी काय लिहिलं होतं?"

"कष्टाळू. आणि मला अभिमान आहे."

तो नुसता पाव मोडत बसला.

१९ नोव्हेंबर

जानेवारीत राजधानीत गणिताचं हिवाळी शिबिर आहे. प्रत्येक शाळेतून एकच मूल. तिथं चमकलेल्यांना पुढे गणिताच्या वसतिशाळेत घेतात. आमच्या गावातून आजवर कुणी गेलेलं नाही. मी बेकतुरचं नाव दिलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तो फळ्याशी येतो, खडू उडवतो, मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर लिहितो. कधीकधी चुकतं. पण ती चूकसुद्धा बुद्धीची असते.

मीरिम मुख्याध्यापकांकडे गेली. परीक्षा घ्या म्हणाली, नावाशिवाय. शेजारच्या गावच्या शिक्षकाकडून प्रश्न घ्यायचे, आणि आमची लेखनिक आसिपा सगळे पेपर एका अक्षरात उतरवून काढेल, म्हणजे हस्ताक्षरही ओळखू येणार नाही. पेपरांना नुसते नंबर.

आगाय माझ्याकडे बघत म्हणाले, "झुरा एजे, घेऊ या का? तक्रारीला जागा राहायला नको."

मी म्हणाले, "अवश्य. आणि तपासणार मी."

मीरिम लगेच हो म्हणाली. इतकी लगेच की मला जरा विचित्र वाटलं.

३ डिसेंबर

१४०/९०, कित्येक महिन्यांत इतका चांगला आकडा नाही. आज पेपर तपासले. तेवीस.

पाचवा प्रश्न अवघड होता. वर्गात पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच बाकं, सगळी भरलेली. प्रत्येक मुलानं आपल्या लगतच्या पुढच्या, मागच्या किंवा बाजूच्या बाकावर जाऊन बसायचं. सगळ्यांना एकाच वेळी जागा बदलता येईल का? उत्तरांची वही उघडण्याआधी मी स्वतः करून बघितला. एक तास गेला. जमला नाही. हे इथंच लिहिते, बाहेर कुणाला सांगायचं कारण नाही. वहीतलं उत्तर "नाही" असं होतं, पण ते सिद्ध करायला पाऊण पान.

आणि सात नंबरचा पेपर. तीन ओळी. "बाकांना आलटून पालटून पांढरा आणि काळा रंग द्या. पांढरी तेरा, काळी बारा. पांढऱ्यावरच्या प्रत्येकाला काळ्यावर जावं लागेल, आणि तेरा जण बारा जागांवर मावत नाहीत."

मी उठून उभी राहिले. खरंच उभी राहिले. एकोणतीस वर्षं या गावात मी याचीच वाट बघत होते. बुद्धिबळाचा पट! बेकतुर आजोबांबरोबर बुद्धिबळ खेळतो, त्याशिवाय हे सुचणार नाही. पेपरच्या कडेला मी लाल शाईनं लिहिलं, "हा जन्मजात गणिती आहे. याला अडवू नये."

संध्याकाळी कापारसाठी मांस तळलं. तो म्हणाला, "कुणाचं लग्न ठरलं?"

४ डिसेंबर

१७०/१०५.

आगायांच्या खोलीत आसिपानं यादी वाचली. बेकतुर अकरा नंबर. त्यानं पाचव्या प्रश्नाला "नाही, कारण अशक्य आहे" एवढंच लिहिलं होतं.

सात नंबर साल्किनचा.

मीरिम माझ्या लाल ओळीकडे बघत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर

रात्रभर विचार करून मी ठरवलं, घाई करायची नाही. पाच वर्षं मी या मुलीला ओळखते. तिनं माझ्यासमोर एकदाही अशी उडी घेतलेली नाही. पायरीखाली पायरी, प्रत्येक बरोबरीचं चिन्ह एकाखाली एक. माणूस एका दिवसात बदलत नाही. प्रश्न आधीच फुटला असेल. मीरिमनं सांगितला असेल असं मी म्हणत नाही, पण कुणीतरी सांगितला असेल. मी आगायांना म्हणाले, तिला आपल्यासमोर पुन्हा एक गणित द्या.

७ डिसेंबर

आगायांच्या खोलीत आम्ही तिघं आणि फळा. साल्किन आली, हाताला अजून पीठ होतं. मी गणित दिलं. तिनं पहिली पायरी लिहिली, दुसरी लिहिली, तिसरी. पस्तीस मिनिटं. उत्तर बरोबर. पण उडी नाही.

मी म्हणाले, "बघा. सात नंबरचा पेपर लिहिणारी ही नव्हे."

मीरिम तिला म्हणाली, "साल्किन, तुला जसं सुचतं तसं का नाही केलंस?"

मुलगी माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे नाही. "एजेंसमोर असंच करायचं असतं. सातवीत मी एकदा नुसतं उत्तर लिहिलं होतं. एजेंनी शून्य दिलं आणि विचारलं, कुणाचं बघितलंस? तेव्हापासून मी आधी डोक्यात करते आणि मग पायऱ्या बनवते."

"बनवते?" आगाय म्हणाले.

"एजेंना आवडतील अशा."

मी विचारलं, "आणि ते काळं-पांढरं कुठून आलं? तू बुद्धिबळ खेळतेस?"

"नाही एजे. आम्ही जमिनीवर अंथरायचा नमदा करतो तेव्हा लोकरीचे तुकडे असेच लावतो. पाच-पाच लावले की एका रंगाचा तुकडा कमी पडतोच. आजी नेहमी म्हणते, पांढरी लोकर एक मूठ जास्त पिंज."

नमदा आणि गणित. मी आगायांकडे बघितलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणाले, माझी खात्री पटत नाही, आणि नावं उद्या कळवायची आहेत. ते म्हणाले, "एजे, तुम्ही म्हणाल तसं."

मुलगी गेल्यावर मीरिमनं दार लावून घेतलं. "तुम्ही तिला चोर ठरवलंत, कारण तुम्हाला तिचं डोकं आवडलं. तीन तारखेला ते तुम्हाला इतकं आवडलं होतं की तुम्ही लाल शाईनं लिहिलंत. तेच डोकं आहे. फक्त नाव बदललं."

"तू मला माझं काम शिकवू नकोस."

"शिकवत नाही. बघतेय."

बेकतुरचं नाव गेलं.

८ डिसेंबर

१६५/१००. कापारशी बोलत नाही. काल तो म्हणाला, "तुमच्या मास्तरांनी दहावीत तुझ्याऐवजी जोलदोशला राजधानीच्या स्पर्धेला पाठवलं, तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस. तुझ्या आईनंच मला सांगितलंय."

आईला काय आठवणार. मला राग आला नव्हता. आई आजारी होती, धाकटी भावंडं होती, मी नारिनच्या अध्यापक विद्यालयात गेले आणि आयुष्य नीट गेलं. जोलदोशला पाठवणं बरोबरच होतं, तो हुशार होता.

"ज्यानं पुढे तिथंच शिकायला राहून पहिल्याच वर्षी दारू धरली तोच ना?" कापार म्हणाला.

राग आला नव्हता.

१४ जानेवारी

बाहेर उणे एकतीस. बेकतुर शिबिरातून चौथ्या दिवशी परत आला. पोटात दुखत होतं असं घरचे सांगतात. मी त्याला बोलावून विचारलं.

"पहिल्याच दिवशी एक गणित आलं नाही, एजे. मग मी वही उघडलीच नाही."

"का?"

"उघडली असती तर सगळ्यांना कळलं असतं."

काय कळलं असतं ते बोलला नाही. मी त्याला समजावलं की दोष शिबिराचा आहे, तिथल्या लोकांना बुद्धी ओळखता येत नाही. त्यानं मान डोलावली. चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. पोट खरंच दुखत असेल.

८ मार्च

१६०/१००. महिला दिनाचा समारंभ. दरवर्षीप्रमाणे आगायांनी आम्हा बायकांना सहा-सहा कपांचे संच दिले आणि म्हणाले, "तुम्ही आमच्या शाळेची फुलं आहात." मुलग्यांनी कविता म्हटल्या. मग नव्या शिक्षिकेनं दोन शब्द बोलावेत अशी कुणाला तरी बुद्धी झाली.

मीरिम उठली. "शाळेत एकतीस शिक्षक आहेत. अठ्ठावीस बायका. चाळीस वर्षांत एकही बाई मुख्याध्यापक झालेली नाही. कप सुंदर आहेत, आभारी आहे." आणि खाली बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे मुलींच्या बाजूला कुणीतरी सुरू केल्या होत्या, मी वळून बघितल्यावर थांबल्या.

समारंभानंतर आगायांनी मला आत बोलावलं. ते स्पष्ट असं काही सांगत नाहीत, नुसते सुस्कारा टाकतात. "एजे, वेळापत्रक तुमच्याच हातात असतं," एवढंच म्हणाले.

२२ मार्च

शेवटच्या तिमाहीचं वेळापत्रक लावलं. मीरिमचे तास बावीसवरून नऊवर आले. आठवीचा एक वर्ग दुसऱ्या बाईंना हवा होता, सातवी मी घेतली. मी फक्त वेळापत्रक केलं. नऊ तासांच्या पगारात खोलीचं भाडंही निघत नाही, हे मला माहीत होतं, पण तो वेळापत्रकाचा विषय नाही.

२९ मार्च

मीरिमनं राजीनामा दिला. सामान घेऊन निघताना माझ्या खोलीत आली. भांडायला आली असेल म्हणून मी तयार होते. तिनं विचारलं, "एजे, तुम्ही मुख्याध्यापक का झाला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

हे मी का बोलले कळत नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला मुळीच नको होतं. राग चालला असता. मी म्हणाले, "बस सुटेल तुझी."

शेगडीजवळची खुर्ची आता मोकळी आहे. तिथं बसलं तर पाठ फार तापते.

२० एप्रिल

१५५/९५. साल्किनची आई दामिरा आली. बाजारातून तशीच, डोक्याला रुमाल, अंगाला गरम पावाचा वास. नवरा रशियात इमारतीच्या कामावर.

"साल्किन चार दिवस शाळेत येणार नाही. राजधानीत त्या वसतिशाळेची प्रवेशपरीक्षा आहे. शिबिरातून घेतात तसं सरळ परीक्षेतूनही घेतात म्हणे. मीरिम एजे तिला बसमधून उतरवून घेतील."

मी सांगितलं की अशी परवानगी देता येत नाही, वार्षिक परीक्षा जवळ आली आहे, आणि तिथं पाठवून मुलीला निराश करू नये. "तिच्या वडिलांना विचारलंत का?"

"नाही विचारलं. ते नको म्हणतील. म्हणतील, मुलगी हातची जाईल, पावाचं काम कोण करणार." तिनं रुमालाची गाठ आवळली. "एजे, मी त्यांना विचारलं नाही आणि तुम्हालाही विचारायला आले नाही. सांगायला आले."

एवढ्या वर्षांत कुठल्या पालकानं माझ्याशी असं बोलल्याचं आठवत नाही. हीच दामिरा माझी विद्यार्थिनी होती. तिच्या दाखल्यावर मी काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. इतकं काही वेगळं नसेल.

गैरहजेरी मांडली. नियम सगळ्यांना सारखा.

११ जून

१५०/९०. साल्किनचं नाव लागलं. पूर्ण देशातून चाळीस मुलं घेतली, त्यात ही. जिल्ह्याच्या कचेरीतून आगायांना फोन आला, अभिनंदन म्हणून. आगायांनी त्यांना सांगितलं, "आमच्या झुरा एजेंची विद्यार्थिनी." ते खरंच आहे. पाच वर्षं मी शिकवलं, त्या बाईनं सात महिने. तेही दुसऱ्याच वर्गांना. मी काही दुरुस्ती केली नाही.

आज मुलगी शाळेतून आपली कागदपत्रं न्यायला आली. उंच झाली आहे. मी फाईल काढून दिली, सही घेतली. बाकी कुणी नव्हतं म्हणून विचारलं, "तिथल्या परीक्षेत कसं लिहिलंस? सगळ्या पायऱ्या लिहिल्यास ना?"

"नाही एजे."

"एकही नाही?"

"नाही. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं."

हे मला पटण्यासारखं आहे. ओळखीच्या माणसांसमोर काही मुलं बुजतात, परक्यांत मोकळी होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. बिचारी लाजाळू होती, एवढाच तो प्रश्न होता, आणि वर्षभर त्याचा केवढा गाजावाजा झाला. मी तिला म्हणाले की तिथं गेल्यावरही वही स्वच्छ ठेव, मोठ्यांना उलट बोलू नकोस, आणि शाळेचं नाव राख.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग फाईल पोटाशी धरून म्हणाली, "येते."

मी वाट बघत होते. मुलं जाताना काहीतरी म्हणतात, तुमच्यामुळे झालं, आठवण येईल, असं काहीतरी. तिला सुचलं नसेल.

दार मात्र तिनं अगदी आवाज न करता लावलं. ते वळण आमच्या शाळेचं.